मंजूस पत्र: तेल बंद केलंस, तरीही

प्रिय मंजू,

'भाजीतलं तेलसुद्धा बंद केलंय तरी वजन उतरत नाही, माझ्यातच काहीतरी खोट आहे,' हे तू लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. खोट कसली गं?

खाल्लेलं तूप सगळ्यांच्या अंगाला सारखं लागत नाही. पित्त त्याचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचा रस ते फोडतो आणि लहान आतडं ते शोषून घेतं. यात पोटातल्या बॅक्टेरियांचा मोठा हात असतो. अमेरिकेत सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत पोटात एकही बॅक्टेरिया नसलेले उंदीर निर्जंतुक पेट्यांमध्ये वाढवले होते. त्यांना साध्या उंदरांच्या आतड्यातले बॅक्टेरिया दिले, तर दोन आठवड्यांत अंगावरची चरबी साधारण ६० टक्क्यांनी वाढली. खाणं उलट कमी झालं होतं! ही २००४ सालची गोष्ट.

२०१८ मधला शिकागोचा प्रयोग तर तुझ्यासाठीच सांगण्यासारखा आहे. अशाच निर्जंतुक उंदरांना भरपूर चरबी खायला घातली, तर त्यांना ती नीट शोषता येईना, लेंड्यांतून बाहेर पडू लागली. मग चरबीवर पोसलेल्या उंदरांच्या लहान आतड्यातले बॅक्टेरिया अशा उंदरांत सोडले. त्यांचं चरबी शोषणं वाढलं, आणि तेही कमी चरबीच्या खाण्यावर असताना. उंदरांवरून तुझ्या वजनाचा हिशोब मांडता येणार नाही, पण स्वतःला दोष देणं तेवढं थांबव.

आणि पोटातले बॅक्टेरिया तपासायची ती महागडी स्टूल टेस्ट करू नकोस. चरबी शोषली जाते लहान आतड्यात, आणि शौचात दिसतात ते मुख्यतः मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया. त्या रिपोर्टवरून डाएट ठरवून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

काकूंची मात्र मला खरी काळजी वाटते. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांना तेलकट, पाण्यावर तरंगणारी शौचाला होते, वजनही उतरतंय, असं तू ओझरतं लिहिलंस. लहान आतड्यात बॅक्टेरिया फार माजले की ते पित्तातले क्षार मोडून टाकतात. मग चरबी शोषली जात नाही, आणि तिच्याबरोबर ए, डी, ई ही जीवनसत्त्वंही वाया जातात. दुसरी कारणंही असू शकतात, म्हणून घरगुती उपाय करत बसू नका. याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि ऑपरेशनचे कागद बरोबर ने. शौचाबद्दल बोलायला काकू लाजतील, तूच स्पष्ट सांग. काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझी,
सुनंदा