गावी परतण्याआधी, चुलीविषयी

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांचा खोकला बराच उतरला आहे आणि संक्रांत झाली की तुम्ही दोघे गावी येणार आहात, असे ताईने फोनवर सांगितले. मागच्या छपरीतली जुनी चूल मी खरेच पाडली का, असे बाबांनी तिला विचारल्याचेही कळले. होय, ती पाडली आहे. तिच्या जागी काय उभे केले आहे, ते कसे चालवायचे आणि तुम्ही येण्यापूर्वी मला तुमच्याकडून कोणत्या दोन गोष्टींची कबुली हवी आहे, हे फोनवर घाईघाईने बोलण्याजोगे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

नवी चूल विटा-मातीचीच आहे. तिला एक वैल, म्हणजे दुसरे भांडे ठेवायला जोडतोंड, आहे, तळाशी लोखंडी जाळी आहे आणि धूर वैलाखालून फिरून धुराड्यात जातो. धुराडे कवेलूंच्या वर, आढ्याहूनही उंच नेले आहे आणि जिथे ते छपरातून बाहेर पडते तिथे लाकडी फाटे कापून त्याच्याभोवती मोकळी जागा सोडली आहे. चुलीची मागची भिंत माजघराची भिंत आहे, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक झाल्यावरही ती भिंत बराच वेळ ऊब देत राहते. आजीचा तांब्याचा बंब डाग लावून आणला आणि त्याच छपरीत, मोकळ्या बाजूला ठेवला आहे. अशा चुलीसाठी आपल्या जिल्ह्याने फार दूर पाहावे असेही नाही. वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि धूर नळीवाटे बाहेर नेणारी ‘मगन चूल’ तिथल्याच मगनवाडीच्या नावाने ओळखली जाते.

बाबा, ही चूल चालवायला शिकताना मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते धुराचे गणित. कोरडे लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायू आणि वाफेच्या रूपाने बाहेर पडतो आणि आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा असतो. उरतो तो कोळसा. जाळ पुरेसा गरम नसेल किंवा त्याला खालून हवा मिळत नसेल, तर हे वायू न जळताच वर जातात, तोच धूर. म्हणजे आईच्या डोळ्यांत जन्मभर गेलेला आणि भांड्यांच्या बुडांवर बसलेला धूर हे न जळलेले सरपणच होते. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी जेमतेम दीडशे ग्रॅम कोरड्या लाकडात असते. उघड्या चुलीवर मात्र त्याच पाण्यासाठी दीड किलोच्या आसपास लाकूड जाते, कारण दहा भागांपैकी एखादाच भाग भांड्याला लागतो आणि बाकीचा वाऱ्यावर, भिंतींवर आणि धुरावर खर्च होतो.

म्हणूनच रात्रभर धुमसत राहणाऱ्या ओंडक्याविषयी मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचे आहे. जाडजूड, थोडा ओलसर ओंडका चुलीत सारून त्यावर राख ओढली की सरपण पुरते आणि सकाळी विस्तव आयता मिळतो, हे तुम्ही आजोबांपासून पाहत आलात. काडेपेटीही जपून वापरावी लागत होती त्या काळात त्यात तथ्य होते, हे मला मान्य आहे. परंतु असा ओंडका जळतो कमी आणि धुमसतो जास्त. ओल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचे असू शकते, ते पाणी उडवण्यात उष्णता जाते, जाळ थंड पडतो आणि न जळलेले वायू धुराड्याच्या थंड भागात डांबरासारखे चिकटतात. या थराने पेट घेतला तर धुराड्यातून घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि कवेलूंखालच्या फाट्यांपर्यंत आग पोचायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा थोडे, कोरडे लाकूड, पुरेशी हवा देऊन झणझणीत जाळावे, भिंत तापू द्यावी आणि मग चूल विझू द्यावी. सकाळी पुन्हा पेटवायला तुराट्यांची एक मूठ पुरते. हा ओंडका बंद करणे ही माझी पहिली विनंती आहे.

सरपणाची सोय तुमच्यामुळेच झाली. गेल्या फाल्गुनात तुम्ही धुऱ्यावरची बाभूळ तोडून फोडून ठेवली नसती, तर या हिवाळ्यात माझे काही चालले नसते. होळीच्या सुमारास फोडायचे, वैशाखाच्या उन्हात सुकवायचे आणि मृगाच्या आत छपराखाली घ्यायचे, हा तुमचा क्रम मी तसाच ठेवणार आहे, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्याइतका चांगला सुकवणारा दुसरा कोणी नाही. फक्त थप्पी आता घराच्या भिंतीला लागून नाही. सांदवाडीत दगडांवर बल्ल्या टाकून त्यावर रचली आहे, वरून टिन आहे, बाजू मोकळ्या आहेत. त्यामुळे वारा खेळतो, उधई लागत नाही आणि विंचू किंवा मण्यार निघालीच तर ती घरापासून दूर निघते. आई, लाकूड काढताना थप्पीच्या खालच्या फटीत हात घालू नकोस. वरचे लाकूड आधी घे आणि अंधारात बॅटरीशिवाय तिकडे जाऊ नकोस.

लाकूड सुकले की नाही हे ओळखण्याची रीत तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. टोकाला चिरा पडलेली दोन लाकडे एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज आला पाहिजे. आवाज बद्द आला, तर ते लाकूड आणखी काही महिने थप्पीतच राहू द्यावे. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, मात्र उलट आहे. ती साठवू नये. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीला राहिलेल्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेतात परतते, म्हणून वेचणी संपली की पऱ्हाटीच आधी जाळून संपवायची आणि बाभूळ मागे ठेवायची. कण्हेरीची छाटणी चुलीत कधीही घालू नये, तिचा धूरही विषारी असतो. रंग दिलेल्या फळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्याही चुलीत नकोत.

पेटवण्याची पद्धत अगदी साधी आहे. जाळीखालची राख ओढून हवेची वाट मोकळी करावी, तुराट्या आणि ढलप्या आडव्या-उभ्या रचून पेटवाव्यात आणि त्यांनी चांगला जाळ धरला की मनगटापेक्षा बारीक अशी दोन-तीन लाकडे टोकाला टोक भिडवून ठेवावीत. चुलीचे तोंड निम्मे तरी रिकामे दिसले पाहिजे. लाकूड जळेल तसतसे आत सारावे, एकदम कोंबू नये. मग छपरीबाहेर येऊन धुराड्याच्या टोकाकडे पाहावे. सुरुवातीला पांढरा धूर दिसतो, पण थोड्या वेळाने टोकावर नुसती हवा थरथरताना दिसू लागते. तशी ती दिसू लागली की चूल नीट चालली आहे असे समजावे, आणि धूर दाटच राहिला तर लाकूड ओले आहे किंवा हवा अडली आहे. फुंकणी फक्त पेटवताना लागावी. जाळ धरत नाही म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल कधीही ओतू नये, कारण निखाऱ्यांवर पडताच त्याची वाफ होते आणि भडका थेट अंगावर येतो. बंबाचा नियम एकच, की झाकण काढून पाणी काठोकाठ आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यात विस्तव टाकायचा नाही, नाहीतर सांध्यांचे डाग वितळतात. आई, चुलीपाशी बसताना पदर खोचलेला असावा आणि लुगडे सुती असावे. चटका बसलाच तर वीस मिनिटे साध्या पाण्याची धार धरावी, त्यावर टूथपेस्ट लावू नये.

आता दुसरी विनंती, आणि ती पहिलीपेक्षाही निकराची आहे. थंडीत रात्री शेगडीत निखारे घालून ती माजघरात ठेवायची आणि दार-खिडकी लावून झोपायचे, ही पद्धत यापुढे आपल्या घरात नको. निखारे धूर देत नाहीत, म्हणून ते निर्धोक वाटतात. वस्तुतः जाळ संपलेल्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, अंग गळून जाते, आणि झोपलेल्या माणसाला तर एवढेही कळत नाही, तो झोपेतच जातो. बाबांच्या छातीला आधीच त्रास आहे, त्यामुळे त्यांना हा धोका अधिक. खिडकीची फट ठेवली की भागते, असे तुम्ही म्हणाल, पण त्या भरवशावर मी तुम्हा दोघांना झोपू देणार नाही. त्याऐवजी बाबांची खाट चुलीच्या तापलेल्या भिंतीलगत हलवली आहे, दोन नव्या वाकळी शिवून घेतल्या आहेत आणि गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या आहेत. याच कारणाने धुराड्याला झडप बसवलेली नाही. ऊब टिकावी म्हणून झडप लावली आणि आत निखारे शिल्लक असले, तर तोच वायू घरात उलटतो. या वायूची सूचना देणारे बॅटरीवर चालणारे लहान यंत्र माजघरात टांगले आहे. ते वाजले तर काय झाले हे शोधत न बसता आधी दोघांनीही अंगणात यावे.

यंदाचा कापूस चांगला भाव यावा म्हणून अजून समोरच्या खोलीत भरून ठेवलेला आहे, त्यामुळे राखेबाबत मी फार कडक झालो आहे. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या लोखंडी घमेल्यात काढून अंगणातल्या दगडावर ठेवतो आणि पूर्ण थंड झाल्यावरच वांग्यांच्या वाफ्यात टाकतो. कुटाराच्या ढिगाकडे किंवा उकिरड्याकडे ती जाऊ द्यायची नाही. चुलीजवळ मातीने भरलेली बादली आहे. गॅसचे सिलिंडर आतल्या स्वयंपाकघरातच राहील, छपरीत आणायचे नाही. सकाळचा चहा आणि रात्रीचे औषधाचे पाणी गॅसवरच करावे. धुराड्यात काजळी पेटलीच, तर चुलीचे तोंड टिनाच्या पत्र्याने बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि शेजाऱ्यांना हाक मारावी, तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नये.

काजळी मी महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, बांबूला पोते गुंडाळून काढतो, पण त्याने कोपऱ्यातला थर नीट निघत नाही. धुराड्याचा आतला व्यास सहा इंच आहे. तेवढा गोल तारेचा ब्रश आणि त्याला लांब दांडा नागपूरला मिळाला, तर ताईला घेऊन ठेवायला सांगावे आणि येताना सोबत आणावा. आणि या दोन्ही विनंत्यांवर बाबांचे उत्तर फोनवर नुसते ‘बघू’ असे न येता होकाराचे यावे, एवढी माझी इच्छा आहे.

तुमचा,
धाकटा