देवमाशांना सोडवण्यासाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार,

समुद्रावर पोट असलेल्या आणि समुद्रावर जीव असलेल्या सर्वांना आमच्या सागरी जीव बचाव मंडळाची ही कळकळीची विनंती.

देवमाशांची व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८२ मध्ये झाला आणि १९८६ पासून लागू झाला. तेव्हापासून देवमासे सुखरूप आहेत असा अनेकांचा समज आहे. पण आज कुणी मारायला न जाताही ते मरत आहेत, जाळ्यांत अडकून आणि जहाजांच्या धडकेने.

जाळ्याचा दोर बरेचदा आधी तोंडात जातो. देवमासा बिथरून गिरकी घेतो आणि तोच दोर परांना, शेपटीला वेढे घालतो. हल्लीचे कृत्रिम धाग्याचे दोर सहजी तुटत नाहीत. मग जाळ्याच्या तरंगत्या बोयांसकट सगळं लटांबर ओढत तो महिनोन्‌महिने पोहत राहतो. हालचाल होईल तसा दोर चरबी कापत कधीकधी हाडापर्यंत रुततो. धड खाता येत नाही, अंग झडत जातं. पिल्लू अडकलं तर श्वासासाठी वर येण्याइतकी ताकदही त्याच्यात नसते. उत्तर अटलांटिकमध्ये राइट जातीचे जेमतेम पावणेचारशे देवमासे उरले आहेत. त्यांतल्या दहापैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर अशा दोरांचे व्रण आहेत.

आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे तर त्याहून थोडे. ओमानच्या किनाऱ्यावर केलेल्या अंदाजात ते शंभरही भरले नाहीत. इतर हंपबॅकांसारखे ते ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर याच समुद्रात राहतात. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रहावरून माग घेणारं यंत्र लावलेली एक मादी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली आणि परत गेली. म्हणजे आपल्या होड्या जिथे जाळी टाकतात, तिथेच त्यांचाही वावर आहे.

अडकलेला देवमासा दिसला तर कृपा करून पाण्यात उडी टाकू नका. २०१७ मध्येच कॅनडात अनुभवी बचावकर्ता असलेला एक मच्छीमार देवमाशाला मोकळं करताच शेपटीच्या फटकाऱ्याने गेला. हे काम शिकलेल्या माणसांनी होडीतूनच करायचं असतं. देवमाशामागच्या दोराला मोठे बोये बांधून आधी त्याला दमवायचं, मग लांब काठीच्या टोकाला बसवलेल्या आकडेदार सुरीने एकेक वेढा कापायचा. सुरीची धार आतल्या बाजूला असते, म्हणून कातडीला इजा होत नाही.

आम्हाला अशा साहित्याचे दोन संच, शिरस्त्राणं आणि खलाशांच्या प्रशिक्षणासाठी निधी हवा आहे. रक्कम लहान असली तरी चालेल, पावती मात्र मागून घ्या. जुने बोये, चांगल्या स्थितीतले दोर, एखाद्या दिवसापुरती होडी, हेही दानच आहे.

तांडेल आणि नौकामालकांना वेगळी विनंती. देवमाशाचा फवारा दिसला की वेग दहा नॉटच्या खाली आणा. पंधरा नॉटने धडक बसली तर तो बहुधा वाचत नाही. वेग निम्म्यावर आला की वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. फाटलेलं जाळं समुद्रात सोडू नका, किनाऱ्यावर आणा, आम्ही घेऊन जाऊ. देवमासा अडकलेला दिसलाच तर दोर ओढू नका. लांब थांबून जागा, वेळ आणि तो जातोय ती दिशा लगेच वनखात्याला आणि आम्हाला कळवा. शक्य असेल तर मदत पोहोचेपर्यंत त्याला नजरेआड होऊ देऊ नका.

हंगाम सुरू होण्याआधी दोन्ही संच होडीवर चढवायचे आहेत, तेव्हा देणगी लवकरात लवकर मंडळाच्या कार्यालयात पोहोचवावी.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते