ध्रुवीय जहाजाच्या आराखड्यात डायटमसाठी जागा ठेवा

प्रति,
माननीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
भारत सरकार

सादर नमस्कार.

भारताच्या स्वतःच्या ध्रुवीय संशोधन जहाजाची तयारी सुरू आहे. आराखडा पक्का होण्याआधी डायटमच्या अभ्यासाला लागणाऱ्या सोयी त्यात घ्याव्यात, ही आमची मागणी आहे. जहाज बांधून झाल्यावर यांतल्या काही सोयी बसवणे फार अवघड जाते.

डायटम म्हणजे सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय शैवाल. दक्षिण महासागरातले क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, मोठ्या प्रमाणात त्यांच्यावरच जगतात. कोणती जात कुठे वाढणार हे तिथले पाणी ठरवते. पोलर फ्रंट, म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचे थंड पाणी आणि उत्तरेचे उबदार पाणी यांची सीमा; तिच्या दक्षिणेला खोलातून वर येणारे पाणी भरपूर सिलिकेट, म्हणजे कवचासाठी लागणारी विरघळलेली सिलिका, आणते. तेच पाणी उत्तरेकडे सरकते तसे सिलिकेट संपत जाते, नायट्रेट हे दुसरे पोषद्रव्य मात्र उरते. जाड कवचाची फ्रॅजिलॅरिऑप्सिस करग्युलेन्सिस ही डायटमची जात मोकळ्या समुद्रात आढळते, तर फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा बर्फाच्या आसपास. म्हणूनच तळाच्या गाळातली कवचे मोजून पूर्वी समुद्री बर्फ कुठवर पसरत होता याचा अंदाज बांधता येतो. बर्फ वितळला की कमी खारट, हलका थर वर राहतो, पेशी उजेडात टिकतात आणि बहर येतो. अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात पाणी खोलवर घुसळले गेले तर फिओसिस्टिस हे सिलिकाचे कवच नसलेले शैवाल वरचढ ठरते, उथळ थरात डायटम. आर्क्टिकचे गणित निराळे आहे. तिथे बऱ्याच भागात नायट्रेट आधी संपते, आणि अटलांटिकच्या पाण्यात सिलिकेट मुळातच कमी असते.

सगळ्यात नाजूक बाब लोहाची. दक्षिण महासागराच्या पृष्ठभागावर विरघळलेले लोह बहुधा लिटरमागे अर्ध्या नॅनोमोलपेक्षाही कमी असते. लोह कमी पडले की डायटम नायट्रेटच्या मानाने सिलिकेट जास्त उचलतात आणि कवच जाड होते. हे लोह मोजायचे तर पोलादी जहाज, पोलादी दोर आणि गंज हेच मोठे शत्रू. त्यासाठी धातूविरहित दोराची वेगळी विंच (बाटल्या पाण्यात सोडणारे-ओढणारे यंत्र), आतून टेफ्लॉनचा लेप दिलेल्या बाटल्या आणि गाळलेल्या हवेची स्वच्छ खोली लागते. आराखड्यात आधी मांडायला हवे ते हेच.

बाकीच्या गोष्टी स्वस्त आहेत, पण चुकल्या तर नमुना वाया जातो. सिलिकेटचे पाणी काचेच्या बाटलीत ठेवू नये, कारण काचेतूनच सिलिका झिरपते. ते गोठवले तर सिलिकेटचे रेणू एकमेकांना चिकटतात, म्हणून वितळल्यावर मोजणीआधी ते पुरेसा वेळ ठेवावे लागते. कवचातली सिलिका मोजताना काचतंतूचा गाळणकागद चालत नाही, पॉलिकार्बोनेटचाच हवा. २० मायक्रोमीटरच्या जाळीतून फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रससारख्या जातींच्या बारीक पेशी निसटतात, त्यामुळे नुसत्या जाळीच्या नमुन्यावरून मोठ्या जातींचेच राज्य आहे असे वाटते. मोजणी बाटलीतल्या पाण्यावरच व्हावी. समुद्री बर्फात भोक पाडून काढलेला दंडगोल, म्हणजे बर्फाचा गाभा, तसाच वितळवला तर खारटपणा एकदम उतरून पेशी फुटतात. तो गाळलेल्या समुद्रपाण्यात, अंधारात, थंड जागी वितळवावा. ल्युगोल, म्हणजे पेशी टिकवणारे आयोडीनचे द्रावण, घातलेले नमुनेही अंधारातच ठेवावेत आणि रंग फिकटला की ते पुन्हा घालावे. यासाठी तापमान राखणारी अंधारी खोली जहाजावर हवी.

उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो. ढगांखालचे, बर्फाखालचे आणि जातींमधले फरक त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. म्हणून प्रत्येक ठिकाणी तापमान, क्षारता, उजेड, पोषद्रव्ये, लोह आणि पेशींची मोजणी एकाच खेपेच्या पाण्यातून व्हावी, असा नियम मोहिमेच्या आराखड्यातच घालावा. आणि सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखू शकणाऱ्या तज्ज्ञांची कायम पदे जहाजासोबतच मंजूर करावीत. हा हात बसायला वर्षे लागतात, आणि कंत्राट संपले की तो निघून जातो.

आपले,
समुद्री सूक्ष्मशैवालांचे अभ्यासक