दंडाची पावती मिळाली, पाणी कधी मिळणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

परवा माझी मुलगी डेंग्यूने आयसीयूत होती, प्लेटलेट 22 हजार. डबा न्यायला घरी आले तर दारावर महापालिकेची नोटीस: ड्रममध्ये डासांच्या अळ्या सापडल्या, 500 रुपये दंड. तत्परतेबद्दल आभार. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर येतं तेवढं पाणीही बंद व्हायचं. मध्य रेल्वेवर, ठाण्याच्या पुढे, एवढं पुरे.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, म्हणून ड्रम. गेल्या पावसाळ्यात याच महापालिकेचे साहेब सोसायटीत सांगून गेले, दिवाळीपर्यंत रोज पाणी. कुठली दिवाळी ते विचारायचं राहून गेलं. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणता. अहो, आमचे तीन दिवस तसेही कोरडेच असतात.

बरं, डास आमच्याच ड्रममधला कशावरून? डेंग्यूचा डास, एडिस, दिवसा चावतो. मुलगी सकाळी साडेसातला घर सोडते ती रात्री नऊला येते. ऑफिसला लागून बांधकाम आहे, तळघरात पाणी तुंबलेलं. हा डास फार तर चारशे मीटर उडतो. पुढचा प्रवास आम्हीच घडवतो त्या विषाणूला, पॅरासिटामॉल घेऊन, लोकलला लटकून, कारण रजा मिळत नाही. लोकलने रोज 75 लाख माणसं जातात म्हणे. तापलेल्या माणसाला इकडे डास चावला की आठ-दहा दिवसांत तो डास पुढच्याला विषाणू द्यायला तयार. मुंबई महानगर प्रदेशात महापालिका नऊ, माणूस राहतो एकीत, कामाला जातो दुसरीत. आमच्या महापालिकेच्या कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, लागण कामाच्या ठिकाणी झाली असेल.” मग दंड माझ्या दाराला का?

मुलीची डेंग्यूची झटपट चाचणी, एनएस-वन किट, पॉझिटिव्ह आली. एलायझा ही पक्की रक्तचाचणी झाली नाही म्हणून सरकारदरबारी ती अजून ‘संशयित’. 84 हजारांचं बिल मात्र खात्रीचं आहे. दोन वर्षांपूर्वीही तिला डेंग्यू झाला होता. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर जास्त धोका, असं डॉक्टर म्हणाले. ती रात्र मी बाकावर कशी काढली ते लिहीत नाही. आमच्या तीन इमारतींत चाळीस जण तापाने झोपलेत. मी मोजले नाहीत, वॉचमन सांगतो. पण तुमच्या आकड्यांपेक्षा माझा त्याच्यावर भरवसा आहे.

काल धुराची गाडी येऊन गेली. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. फोटो मात्र झकास येतो, नगरसेवकासकट.

1896 साली मुंबईच्या मांडवीत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, साथ त्यांच्याबरोबर बाहेर गेली. इंग्रजाने 1897 साली साथरोग कायदा केला आणि लोकांच्या घरात शिरून सामानसुमान बाहेर काढलं. 2020 मध्ये तोच कायदा तुम्हीही काढलात. साथ आली की आधी माणसाच्या घरात शिरायचं, नळाचं नंतर बघू. राज्यकर्ते बदलले, घरात शिरायची सवय काही जात नाही.

मागणं फार नाही. रोज अर्धा तास पाणी द्या. रुग्णाच्या घराबरोबर कामाचा पत्ताही लिहून घ्या आणि तिथल्या महापालिकेला त्याच दिवशी कळवा. तापाची रजा मागणाऱ्याचा पगार कापला जाऊ नये, एवढं बघा.

धाकट्याला कालपासून कणकण आहे. उद्या पाण्याचा दिवस नाही, म्हणून दोन्ही ड्रम आत्ताच भरून ठेवलेत. तोंडाला जुनी साडी बांधली आहे. तुमच्या माणसांना सांगा, सोडून बघा, पण परत बांधून जा.

आपली,
एक दंडित नागरिक