बोंत्सिदाच्या कारागिरांना बारमाही काम द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक मंत्री, रोमानिया
स. न. वि. वि.

मी महाराष्ट्रात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. चुन्याचा गिलावा नीट करणारा गवंडी शोधताना आमच्या नाकी नऊ येतात. म्हणूनच असं जुनं बांधकाम-कौशल्य शिकवणाऱ्या, रोमानियातल्या क्लुज-नापोका शहराजवळच्या बोंत्सिदा गावाकडे आणि तिथल्या बान्फी गढीकडे माझं लक्ष असतं.

१९४४ मध्ये माघारी फिरलेल्या जर्मन सैन्याने ही गढी लुटली आणि पेटवून दिली. मालक मिक्लोश बान्फी हे हंगेरीचे माजी परराष्ट्रमंत्री. हंगेरी आणि रोमानियाने जर्मनीची साथ सोडून युद्धातून बाहेर पडावं, ही बोलणी करायला ते रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टला गेले होते, त्याचाच हा सूड मानला जातो. ग्रंथालय, तसबिरी, सारं गेलं. कम्युनिस्ट राजवटीत गढी सरकारजमा झाली आणि उरलंसुरलं छप्परही ढासळत गेलं.

मग २००१ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या ट्रान्सिल्व्हानिया ट्रस्ट या संस्थेने या पडक्या भिंतींवरच शाळा भरवली! इथे मुलं दगड घडवतात, तुळया जोडतात, चुना कालवतात. सिमेंटने लिंपलेल्या जुन्या भिंतीत ओल कोंडते आणि आतली वीट भुसभुशीत होते. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. हे पुस्तकात वाचून हाताला कळत नाही, थापी धरावी लागते. २००८ मध्ये या कामाला युरोपातला वारसा जपणाऱ्या ‘युरोपा नोस्त्रा’ या संस्थेचा पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता.

२०१३ पासून गढीच्या आवारात ‘इलेक्ट्रिक कॅसल’ हा संगीत महोत्सव भरतो. त्याला माझा विरोध नाही. त्याच्यामुळे जगाला बोंत्सिदा ठाऊक झालं. पण महोत्सव काही दिवसांत उठतो आणि भिंतीत पाणी वर्षभर मुरतं. शिकलेल्या सुताराला हिवाळ्यात हाताला काम नसेल, तर तो गाव सोडून जर्मनी-इटलीची वाट धरणार. त्याला बोल कसा लावायचा?

म्हणून विनंती अशी, की या प्रशिक्षणासाठी सलग पाच वर्षांची निश्चित तरतूद करावी. त्यात बोंत्सिदा आणि आसपासच्या खेड्यांतल्या तरुणांसाठी जागा राखून विद्यावेतन द्यावं. आणि सरकारी खर्चाने होणाऱ्या स्मारक-दुरुस्तीच्या निविदांमध्ये असे प्रशिक्षित कारागीर कामावर घेण्याची अट घालावी. यातलं एकच जमणार असेल, तर ही शेवटची अट आधी घाला.

आपली,
एक वास्तुसंवर्धक