बाटली संपवायचा हट्ट नको

गडहिंग्लज, आषाढ

चि. सुजितला अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून सूनबाईचे विद्यापीठात पेपर. साडेनऊला ती राजारामपुरीतून निघणार, परत यायला दोन वाजणार. तेवढे साडेचार तास पाच आठवड्यांची चिमणी तुझ्या हाती. अंगावरचंच दूध काढून ठेवून पाजायचं तुम्ही ठरवलंत, फार बरं केलंत. आता ते नीट कसं करायचं ते सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. एक महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध घेतं, म्हणजे तासाला अंदाजे ३० मिली. साडेचार तासांना १४० च्या आसपास लागेल. तू १८० ठेव, पण एका बाटलीत नको. ६० मिलीचे तीन वाटे कर. हे मी मुद्दाम सांगतेय. ते दूध थेंबथेंब काढलेलं असतं, त्यामुळे ते वाया जाताना जीव तुटतो. मग माणूस दोन चुका करतो. एक तर पोट भरलेल्या बाळाच्या तोंडात उरलेलं दूध कोंबतो, नाहीतर उष्टी बाटली परत फ्रीजमध्ये ठेवतो. वाटे लहान असले की दोन्ही टळतं. पिऊन झाल्यावर अजून हवं असेल तर दुसऱ्या वाट्यातलं ३० मिली गरम करता येतं.

दूध काढायला गुरुवारपासून सुरुवात करा. पहाटेचं पाजून झालं की उरलेलं काढायचं, कारण पहाटे दूध भरपूर असतं. संध्याकाळी एकदा. एका वेळी ३० मिली निघालं तरी पुष्कळ, सूनबाईला त्यावरून खट्टू होऊ देऊ नकोस. हातानं काढायचं तर अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण ३ सेंटीमीटर मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सैल सोडायचं. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पंप असेल आणि ओढ कमी झाली असेल तर आधी त्याची रबरी झडप बघ. ती बारीकशी चिरली तरी ओढ जाते आणि बाईला वाटतं आपलं दूधच आटलं.

ताजं कोमट दूध फ्रीजमधल्या गार दुधात ओतू नका. ते वेगळं गार होऊ द्या, मग मिसळा. तारीख आणि वेळ चिकटपट्टीवर लिही, आणि एकत्र केलं तर सगळ्यात जुनी वेळ धर. खोलीत २५ अंशांपर्यंत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस चालतं. पण फ्रीजच्या दारात ठेवू नकोस, दार उघडलं की तिथं सगळ्यात आधी ऊब लागते. मधल्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेव. पावसात वीज गेली तर दार उघडू नकोस, बंद फ्रीज साधारण ४ तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर दूध टाकून दे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरात वीजही गेली होती आणि नळाचं पाणीही, म्हणून वाटी-चमचा आणि उकळलेलं पाणी हाताशी असू दे.

फ्रीजमध्ये दुधावर पिवळसर साय जमेल आणि खाली पातळ, निळसर दूध दिसेल. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्या लोकांना ते पाणी वाटतं. कुणीतरी म्हणेलच, "दुधात काही दम नाही, वरचं द्या." ऐकू नकोस. आईच्या दुधात म्हशीच्या दुधापेक्षा स्निग्धांश कमीच असतो, आणि बाळाला तेच हवं असतं. बाटली हलकेच गोल फिरवली की साय मिसळते. थोडा साबणासारखा वास आला तर घाबरू नकोस, तो चरबी मोडल्यामुळे येतो. आंबट वास आणि फिरवूनही न मिसळणाऱ्या गुठळ्या मात्र नकोत.

गरम करताना ते गॅसवर ठेवू नकोस आणि मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे गार, कुठे चटका लागेल असं तापतं. वाटीत आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट पाणी घे, त्यात बाटली पाच मिनिटं ठेव. मनगटाच्या आतल्या बाजूला चार थेंब टाकून बघ, ऊन लागता कामा नये. तोंड लावलेली बाटली दोन तासांच्या आत संपवायची, उरलं तर टाकायचं. हळहळू नकोस.

आता पाजणं. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. निप्पल सगळ्यात हळू वाहणारं घे. उलटं धरल्यावर थेंब पडावेत, धार लागू नये. बाळ पटकन पीत नाही म्हणून तापलेल्या सुईनं भोक मोठं करणारे लोक आहेत, ते कधीही करू नकोस. बाळाला आडवं न घेता डोकं-पाठ हातावर धरून जवळजवळ बसतं घे. निप्पल खालच्या ओठाला टेकव आणि थांब. तिनं आ वासला की तिला आत घेऊ दे, तू ढकलू नकोस. बाटली जवळजवळ आडवी धर, निप्पलमध्ये दूध राहील इतकीच तिरकी. वीस-तीस सेकंदांनी बाटली खाली कर, तिला दम घेऊ दे. ६० मिलीला १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. पाच मिनिटांत संपलं तर पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आतच संपलं, आणि मग ती ओकेल. बोटं ताठ फाकली, ओठांच्या कडेनं दूध गळलं, घटाघट आवाज आला, की वेग जास्त आहे असं समज आणि बाटली बाजूला घे. निप्पल चपटं होत असेल तर बाटलीची रिंग फार घट्ट आहे, किंचित सैल कर. मध्ये एकदा हात बदल, मध्येच आणि शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढ.

तोंड मिटलं, मान वळवली, मूठ उघडून हात सैल पडला, की झालं. बाटलीत २० मिली असलं तरी झालं. उशीला टेकवून बाटली सोडून जायचं नाही, एक मिनिटही नाही.

ही ओळख रविवारी करून घे. जरा भूक असताना, पण रडून आकांत व्हायच्या आत, आणि सूनबाई दुसऱ्या खोलीत असताना, नाहीतर तिला आईचा वास येतो. तरीही घेतली नाही तर वाटी-चमच्यानं पाज. वाटीची कड खालच्या ओठाला टेकव, तीच जिभेनं ओढेल, ओतू नकोस. घरातलं बोंडलं, ते बाळाला दूध पाजायचं नळीचं भांडं, सुंदर आहे, पण त्याची नळी आतून घासता येत नाही.

बाटलीच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि अस्वच्छ बाटलीमुळे होणारे जुलाब हे त्यामागचं मोठं कारण. प्लास्टिकची घेतली तर आयएस १४६२५ या भारतीय मानकाचा शिक्का बघ. धुताना बाटली, निप्पल, रिंग, झाकण सगळं सुटं कर, आधी गार पाण्यानं विसळ, मग साबण-ब्रश. गरम पाण्यानं सुरुवात केली तर दूध चिकटून बसतं. मग सगळं पूर्ण बुडवून पाच मिनिटं खळखळून उकळ. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा सुटते. आषाढात काही वाळत नाही, म्हणून स्वच्छ जाळीवर उलटं ठेव, स्वयंपाकाच्या फडक्यानं पुसू नकोस. बाटलीत मध, साखर, गुटी काही घालू देऊ नकोस. मध तर वर्षभर नको.

सूनबाईला सांग, पेपर संपला की थोडं हातानं काढून हलकं व्हायचं, नाहीतर छाती दगडासारखी होते आणि गाठ धरते. आणि परत येताना तिनं सायबर चौकातून फोन केला की चिमणीला पोटभर पाजू नकोस. फार रडली तर २० मिली दे. उरलेली भूक आईसाठी राहू दे.

तुझी,
आई