तिकिटाची पेटी

खानापूर तालुका,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय गड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेची पिग्मी (लोकांची रोजची बचत) गोळा करत वरच्या गल्लीत होतो. पावसानं पावतीपुस्तक भिजायला आलेलं, म्हणून ‘बघू की’ एवढंच म्हणून फोन ठेवला. पंचवीस हजार देतो म्हणणाऱ्याला कोण असं उत्तर देतं, असं तुला वाटलं असणार. आता पितृपंधरवडा आहे, संध्याकाळी कुणाकडे काही कार्य नाही, तर निवांत लिहितो.

तुझं म्हणणं मला समजलं. तिकडं अमेरिकेत रजेवर घरी जायचं तिकीट सैनिकाला बहुतेक वेळा स्वतःच काढावं लागतं, नाताळात भाडी चढतात, म्हणून लोक वर्गणी काढतात. तसंच आपल्या गावच्या फौजींसाठी दिवाळीला काही करावं. विचार चांगला आहे, पण तिकडची रीत उचलून इथं लावली तर पैसे भलतीकडे जातील. आपल्याकडे जवानाला वर्षातून एकदा घरी जाऊन यायला रेल्वेचं मोफत वारंट मिळतं, एरवी सवलतीचा कागद मिळतो. तेव्हा भाड्यासाठी सहसा अडत नाही. अडतं ते बर्थला.

आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुलं व्हायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. दिवाळीच्या आठवड्यातली गोवा एक्स्प्रेस ऑगस्टातच वेटिंगला गेली. आणि पोराची सुट्टी खुली होते कधी? चार दिवस आधी, तीही रात्री, पोस्टवर नेटवर्क असलं तर. मग स्टेशनावर एमसीओकडे, म्हणजे फौजींच्या प्रवासाचं बघणाऱ्या लष्करी ऑफिसात जाऊन लष्करी कोट्यात काही आहे का ते विचारायचं, नाही तर तत्काळ. तत्काळला सकाळी दहा वाजता एसी, अकराला स्लीपर. जुलैपासून त्याला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि एजंटांना पहिला अर्धा तास बंदी. म्हणजे आपला झेरॉक्सवाला अण्णा साडेदहाला हात लावणार, तोवर गाडी भरलेली.

यंदाच्या चतुर्थीचं सांगतो. खालच्या गल्लीतला एक पोरगा अग्निवीर झालाय, अरुणाचलात आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. चतुर्थी २७ ऑगस्टला. त्याची बारा दिवसांची सुट्टी तीन दिवस आधी खुली झाली. डोंगरातून गुवाहाटीला उतरेपर्यंत दोन दिवस गेले. कोट्यात जागा नाही, ट्रान्झिट कॅम्पात दोन रात्री काढल्या. शेवटी बेंगळुरूच्या गाडीत जनरल डब्यात घुसला, तिथून राणी चन्नम्मानं बेळगाव. १ सप्टेंबरच्या सकाळी वडापाच्या जीपमधून उतरला, तर घरचा पाच दिवसांचा गणपती आदल्या रात्री नदीवर गेलेला. मी पिग्मीला गेलो होतो तेव्हा तो सोप्यात मखराची थर्माकोलची कमान सोडवत बसला होता. आईनं नैवेद्याचे गोड कडबू ठेवले होते, पण ते पाचव्या दिवसाचे. तिनं ते गरम करून वाढले आणि आत जाऊन भांडी घासत बसली. सकाळी घासलेली भांडी.

मी त्याला विचारलं, विमानानं का आला नाहीस? म्हणाला, ‘बघितलं होतं की. साडेअकरा हजार.’ अग्निवीराला पहिल्या वर्षी तीस हजार पगार, त्यातले नऊ हजार सेवा निधीला (नोकरी संपताना एकरकमी मिळतो तो) कापून हातात येतात एकवीस. त्यातले बारा तो आईला पाठवतो, हे मला ठाऊक आहे, कारण तिची पिग्मी माझ्याकडेच. आणि नेहमीच्या जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस किरकोळ रजा असते, अग्निवीराला सगळी मिळून तीस. बारा दिवसांतले आठ येण्यात गेले, जाताना तेवढेच गेले तर काय, म्हणून तो तीन दिवस राहून निघाला. कुठून तरी उसने घेऊन जाताना विमानानं गेला, कुणाकडून ते सांगितलं नाही.

मागितले का नाहीत, असं तू विचारशील. गड्या, तू गाव सोडून पंधरा वर्षं झाली म्हणून विसरलास. गावात फौजी म्हणजे देणारा. उतरल्या उतरल्या ‘काय गा, कॅन्टीनचं काय आणलंस?’ हा पहिला प्रश्न. कुणाला बाटली पाहिजे, कुणाला मिक्सर, चुलत्याला बोअरवेलला पैसे. त्यानं उलट कुणाकडं हात पसरायचा म्हणजे आई-बापाची मान खाली. म्हणून तुझे पैसे ‘जवानांना मदत’ म्हणून आले असते, तर एकानंही घेतले नसते. फ्लेक्स मात्र लागला असता. तुझा फोटो वर, पोरांचे खाली.

फ्लेक्सवरून मंडळाच्या मीटिंगमध्ये भांडण झालंच. गणपतीच्या वर्गणीतून यंदा अठरा हजार चारशे उरलेत, कारण दुसरा डॉल्बी आणला नाही. (कान शाबूत आहेत, देवाचेही असावेत.) त्यातून दिवाळीला फौजींचा सत्कार, शाल, नारळ, असा काहींचा बेत. तेव्हा आपले सुभेदारकाका उठले. त्यांची सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, भरती आणि ट्रेनिंग इथंच, बेळगावच्या सेंटरमध्ये. ते १९२२ पासून बेळगावात आहे, हे ते दर मीटिंगला सांगतात, याही वेळी सांगितलं. मग म्हणाले, ‘सत्काराला पोरगं गावात असाय लागतंय. आधी त्याला आणा.’ आणि बसले.

मग ठरलं ते असं. पैसे मंडळात वेगळे ठेवायचे, त्याला आम्ही तिकिटाची पेटी म्हणतो. फौजीनं फक्त फोन करायचा. पैसे त्याच्या हातात द्यायचे नाहीत, आम्ही तिकीट काढून पाठवायचं. हे मी हट्टानं घातलं. पैसे दिले तर ते घरी आईला जातात आणि पोरगं जनरल डब्यातच उभं राहतं. तिकीट म्हटलं की यावंच लागतं. परतफेड जमेल तेव्हा, व्याज नाही. पतसंस्थेत वीस वर्षं काढलेल्या माणसानं व्याज नाही म्हणावं, याचं सगळ्यांना हसू आलं. पण उसने म्हटले तरच तो घेतो, आणि घेतलेले फेडतो, हे मी दारोदार फिरून शिकलोय. ज्याला फेडायला जमणार नाही त्याला आठवण करायची नाही, हा नियम वहीत लिहिलेला नाही, पण आहे.

जाण्याचं तिकीटही यात धरलंय. मे महिन्यात सीमेवर ताण वाढला तेव्हा लग्नाला आलेल्या पोरांना परत बोलावणं आलं, आठवतं ना? हळदीच्या अंगानं निघालेले. तेव्हाही पदरचे पैसे घालून पळापळ झाली होती. सीआरपीएफ आणि बीएसएफच्या पोरांना पुलवामानंतर, २०१९ पासून, श्रीनगर ते दिल्ली सरकारी खर्चानं विमान आहे, रजेवर येतानासुद्धा. पण दिल्लीपासून बेळगाव राहतंच.

शेवटचे तीस किलोमीटर हेही एक दुखणंच. गाडी रात्री अडीचला बेळगावला सोडते, पहिली बस पहाटे, वडाप त्याहून उशिरा. ट्रंक उशाला घेऊन प्लॅटफॉर्मवर झोपलेला फौजी तू पाहिला असशील. ट्रॅक्सवाल्यानं डिझेलच्या खर्चात रात्री कधीही आणून सोडायचं कबूल केलंय. त्याची एकच अट, वाटेत पोरानं गप्पा मारायच्या, झोपायचं नाही, नाही तर त्यालाही झोप येते.

आणि हो, शेजारच्या गावचा एक कानडी पोरगा आहे, त्यालाही पेटी लागू आहे का, असं एकानं विचारलं. सुभेदारकाकांनी नुसतं बघितलं. विषय संपला.

आता तुझं. पंचवीस हजार पाठव, पण सगळे उसने म्हणून, वहीत तुझं नाव नाही. चालत असेल तरच. पण मला तुझ्याकडून दुसरं एक पाहिजे. सुट्टी खुली झाल्याचा फोन बहुतेक रात्रीच येतो. रात्री अकरानंतर गावात जागा कोण असतो? मी पहाटे पिग्मीचे हिशेब करतो, दहाला झोपतो. मंडळाची पोरं जागी असतात, पण त्यांच्या हातात कार्ड द्यायला मला धीर नाही. तुझ्याकडे तेव्हा दुपार असते, कार्ड आहे, आणि तू ऑफिसात फार काही करतोस असं मला वाटत नाही. विमानाचं भाडं रात्री एक वाजता जे असतं ते सकाळी राहत नाही. तेव्हा ते काम तू घे. सैनिकांना काही कंपन्या सवलत देतात, तो पर्याय निवडायला विसरू नको. त्यासाठी ओळखपत्र विमानतळावर दाखवावं लागतं, ते पोराकडे असतंच.

पहिलं तिकीट कदाचित तुझ्याच गल्लीतलं असेल. तुमच्या मागच्या घरातला, जम्मूकडं आहे, गेल्या दिवाळीला आला नव्हता. त्याच्या म्हातारीला अजून काही सांगितलं नाही, तूही फोनवर बोलू नको. सुट्टीचा अर्ज टाकलाय म्हणे. त्याचा फोन आला की बायको मला उठवील आणि मी तुला मिस्ड कॉल देईन. उचलू नको, लॅपटॉप उघड. दिल्ली ते बेळगाव, सांबऱ्याला उतरणारं विमान बघ, नाही मिळालं तर पुणे, तिथून आम्ही आणतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कुंदा पाठवला असता, पण कस्टममध्ये तुझ्याऐवजी तेच खातील.

तुझा,
पिग्मीवाला